वांशिक अल्पसंख्याक समाजातील रुग्णांसाठी ॲसिड रिफ्लक्सचे उपचार: पहिल्या नोंदीपासून गोळी कमी करण्यापर्यंतचा क्रम

ॲसिड रिफ्लक्सवर, म्हणजे जठरातले आम्ल उलट अन्ननलिकेत चढण्याच्या त्रासावर, चांगली औषधे उपलब्ध आहेत. तरीही वांशिक अल्पसंख्याक समाजातील अनेक रुग्ण वर्षानुवर्षे गोळ्या घेत राहतात आणि त्यांची जळजळ थांबत नाही. यात औषधाचा दोष क्वचितच असतो; बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. तक्रार डॉक्टरांपर्यंत अर्धवट पोहोचते, गोळी भलत्या वेळी घेतली जाते, गोळी चालू असतानाच चाचणी उरकली जाते, आणि धोका मोजण्याचे निकष ज्या लोकसमूहाच्या माहितीवर बेतलेले असतात तो समूह रुग्णाचा नसतो. पुढील टप्पे रुग्णांसाठी आहेत, तसेच त्यांच्यासोबत दवाखान्यात जाणारे नातेवाईक आणि आरोग्य कार्यकर्ते यांच्यासाठीही आहेत. टप्प्यांचा क्रम बदलू नये, कारण पुढचा टप्पा आधी उरकला तर मागच्या टप्प्यावरची माहिती कायमची हातची जाऊ शकते.

१. दुखणे हृदयाचे नाही आणि धोक्याची खूण नाही, याची आधी खात्री करावी

छातीतली जळजळ आणि हृदयविकाराची वेदना यांतला फरक केवळ जाणवण्यावरून नेहमी ओळखता येत नाही. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांमध्ये हृदयविकार तुलनेने कमी वयात आढळतो, तर मधुमेही रुग्ण आणि स्त्रिया यांच्यात त्याची लक्षणे अनेकदा अस्पष्ट असतात. छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटत असेल, दुखणे हात, जबडा किंवा पाठीकडे जात असेल, घाम, धाप किंवा चक्कर येत असेल, अथवा चालताना दुखणे वाढून थांबल्यावर कमी होत असेल, तर नोंदवही उघडत न बसता तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी.

सावधान: अँटासिड घेतल्यावर बरे वाटले म्हणून दुखणे पोटाचेच होते, असा निष्कर्ष काढू नये. हृदयाच्या वेदनेतही असा तात्पुरता आराम वाटल्याची उदाहरणे आहेत.

दुसऱ्या प्रकारच्या खुणा इतक्या तातडीच्या नसल्या, तरी त्या असतील तर गोळ्यांचा प्रयोग करत आठवडे घालवता येत नाहीत. घास अडकणे किंवा गिळताना दुखणे, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, कारण नसताना वजन घटणे, वारंवार उलट्या होणे आणि रक्तक्षय या त्या खुणा होत. यांपैकी एकही असेल तर थेट एंडोस्कोपीविषयी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आत पाहण्याच्या तपासणीविषयी, विचारावे. गिळण्याच्या त्रासाला तर कधीच कमी लेखू नये. अमेरिकेत अन्ननलिकेच्या कर्करोगाचा ॲडेनोकार्सिनोमा हा प्रकार श्वेतवर्णीयांत अधिक दिसतो, तर स्क्वॅमस पेशींचा प्रकार कृष्णवर्णीयांत अधिक दिसतो. या दुसऱ्या प्रकाराचे मूळ रिफ्लक्समध्ये नसते, त्यामुळे ‘जुनी ॲसिडिटी आहे’ एवढ्यावर समाधान मानल्यास तो निसटतो.

रक्तक्षयाबाबत दोन गोष्टी विशेष जपाव्यात. गडद त्वचेवर फिकटपणा सहज दिसत नाही, म्हणून चेहऱ्याकडे पाहून अंदाज बांधण्याऐवजी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. शिवाय भूमध्यसागरी, आफ्रिकी, दक्षिण आशियाई आणि आग्नेय आशियाई वंशाच्या लोकांत थॅलेसेमियाचे (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकाराचे) वाहक असणे असामान्य नाही. वाहकाच्या लाल पेशी मुळातच लहान असतात, आणि त्यामुळे अहवालातला बदल ‘हे तर जन्मापासूनचे आहे’ म्हणून सोडून दिला जातो. पोटातून हळूहळू रक्त जात असेल तर ते अशा वेळी लक्षात येत नाही. फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याची, चाचणी मागितली की लोहाची कमतरता खरोखर आहे की नाही, हे बहुधा स्पष्ट होते.

तपासून पाहा: लोहाच्या किंवा बिस्मथच्या गोळ्यांनीही शौच काळे होते. अशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना तसे सांगावे, पण त्यांच्यावर खापर फोडून तपासणी टाळू नये.

२. दोन आठवड्यांची नोंद ठेवावी

दवाखान्यातला वेळ थोडा असतो, आणि भाषा परकी असली तर तो आणखी थोडा वाटतो. बोस्टनमध्ये झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, छातीतल्या जळजळीसाठी डॉक्टर ‘हार्टबर्न’ हा जो इंग्रजी शब्द सर्रास वापरतात त्याचा वैद्यकीय अर्थ पूर्व आशियाई वंशाच्या फारच थोड्या रुग्णांना ठाऊक होता. श्वेतवर्णीय रुग्णांतही तो अनेकांना माहीत नव्हता. अशा स्थितीत ‘तो त्रास आहे का?’ या प्रश्नाला मिळालेले ‘नाही’ हे उत्तर काहीच सिद्ध करत नाही. म्हणून रोगाचे नाव शोधण्यात वेळ न घालवता पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात.

• संवेदना कोठे सुरू होते आणि कोणत्या दिशेला जाते. बेंबीच्या वरून छातीच्या हाडामागे आणि तेथून घशाकडे चढणारी जळजळ रिफ्लक्सकडे बोट दाखवते. केवळ पोटात राहणारे दुखणे वेगळे असू शकते.
• आंबट किंवा कडू पाणी तोंडात येते का, करपट ढेकर येतात का, आणि ते वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर वाढतात का.
• जेवण, झोप आणि त्रास यांच्या वेळा. रात्रपाळी करणाऱ्याने घड्याळातली वेळ न लिहिता ‘मुख्य जेवणानंतर किती तासांनी’ आणि ‘झोपण्याआधी किती वेळ’ असे लिहावे.
• त्रासाने झोपमोड होते का, आणि आठवड्यातून किती दिवस होते.
• सकाळचा खोकला, बसलेला आवाज, घशात काही अडकल्याची भावना. ही लक्षणे रिफ्लक्समुळे येऊ शकतात, पण एकटी असतील तर कारण बहुधा दुसरीकडे शोधावे लागते.

बोलता येत नसेल तर शरीराच्या साध्या आकृतीवर बाण काढून न्यावा. एका बाणातून जे कळते ते अडखळत बोललेल्या पाच वाक्यांतून कळत नाही.

नोंदीच्या शेवटी घेत असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव असावे. वेदनाशामक गोळ्या, हाडांसाठीच्या बिस्फॉस्फोनेट गोळ्या, डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबावरील कॅल्शियम चॅनल ब्लॉकर आणि नायट्रेट ही औषधे जठराला किंवा अन्ननलिकेला त्रास देऊ शकतात अथवा जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल करू शकतात. मूळ देशातून मागवलेली चूर्णे, काढे आणि पुड्याही या यादीत आल्या पाहिजेत. डॉक्टर रागावतील या भीतीने हेच सर्वांत जास्त लपवले जाते. खाण्याच्या सोड्यात भरपूर सोडियम असते आणि रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना ते बाधते. बिनलेबलच्या काही पुड्यांत स्टेरॉइड किंवा शिसे सापडलेले आहे. वेष्टन असेल तर ते सोबत न्यावे.

३. पहिली भेट: दुभाषी आणि योग्य प्रश्न

वेळ ठरवतानाच दुभाषी मागावा. ऐन वेळी मागितला तर बहुधा मिळत नाही. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या आरोग्य संस्थांनी भाषासाहाय्य मोफत द्यावे असा कायदा आहे, आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतही दुभाषासाठी रुग्णाला पैसे द्यावे लागत नाहीत. तरीही असंख्य कुटुंबे शाळकरी मुलाला पुढे करतात. असे करू नये. मुलासमोर रुग्ण रक्ताविषयी, वजनाविषयी, दारू-तंबाखूविषयी खरे बोलत नाही, आणि ऐकलेला कठीण भाग मूल घाबरून गाळून टाकते.

या भेटीत तीन प्रश्न विचारायचेच आहेत.

पहिला प्रश्न हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा. अमेरिकेतील वांशिक अल्पसंख्याकांत आणि अनेक देशांतल्या स्थलांतरितांत त्याचा संसर्ग बहुसंख्याकांपेक्षा अधिक आढळतो. तो रिफ्लक्सचे कारण नव्हे, आणि त्याच्या उपचाराने जळजळ थांबेलच असे नाही. पण त्याच्यामुळे अल्सर होतो, जठराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि जिवाणू तसाच ठेवून दीर्घकाळ आम्लरोधक गोळी घेणे जठराच्या अस्तराला हितकारक नसते. श्वासाची किंवा शौचाची चाचणी करायची असेल तर ती गोळी सुरू होण्यापूर्वी करावी. एकदा गोळी चालू झाली की चाचणीसाठी ती दोन आठवडे बंद ठेवावी लागते, आणि अँटिबायोटिक किंवा बिस्मथ चार आठवडे. हा नियम मोडला तर जिवाणू असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. पहिल्याच भेटीत आठवण करून दिल्याने महिन्याभराचा खोळंबा वाचतो, म्हणून या प्रश्नावर माझा इतका भर आहे.

दुसरा प्रश्न कौटुंबिक इतिहासाचा आणि मूळ प्रदेशाचा. पूर्व आशिया, पूर्व युरोप, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा काही भाग येथे जठराचा कर्करोग जास्त आढळतो. तेथून आलेल्या रुग्णाने, विशेषतः आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला तो झाला असल्यास, ते न विचारता सांगावे.

तिसरा प्रश्न असा: ‘ही गोळी किती आठवडे घ्यायची, आणि त्यानंतर काय करायचे?’ याचे उत्तर लिहून घ्यावे.

तपासून पाहा: निघण्यापूर्वी सूचना आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगाव्यात. ‘समजले ना?’ या प्रश्नाला संकोचाने ‘हो’ म्हणून बाहेर पडणे ही पुढच्या टप्प्यावरील बहुतेक चुकांची सुरुवात असते.

४. गोळी योग्य वेळी घ्यावी

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही प्रोटॉन पंप इनहिबिटर गटातली औषधे आहेत. त्यांचे काम कसे चालते हे कळले की वेळेचा नियम पाठ करावा लागत नाही. जठराच्या पेशींत आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात आणि जेवण पोटात गेले की ते मोठ्या संख्येने चालू होतात. औषध फक्त चालू असलेल्या पंपांनाच बंद करते. म्हणून जेवण सुरू होईल तेव्हा औषध रक्तात पोहोचलेले असले पाहिजे, आणि त्यासाठी गोळी जेवणाच्या ३० ते ६० मिनिटे आधी घ्यावी लागते. झोपताना रिकाम्या पोटी घेतलेली, जेवणानंतर घेतलेली किंवा जळजळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते.

१. दिवसातले पहिले भरपेट खाणे कोणते, ते ठरवावे. सकाळी नुसता चहा घेऊन दुपारी जेवणाऱ्याने दुपारच्या जेवणाआधी गोळी घेतलेली बरी.
२. त्या वेळेच्या अर्धा ते एक तास आधी पाण्याबरोबर पूर्ण गोळी गिळावी. ती चावू किंवा कुटू नये. तिच्यावरचे आवरण औषधाला आम्लापासून वाचवते. गिळणे जमत नसेल तर कॅप्सूल उघडून दाणे मऊ अन्नावर टाकता येतील का, हे औषध विक्रेत्याला विचारावे.
३. त्यानंतर खरोखर जेवावे. गोळी घेऊन कामाच्या घाईत उपाशी राहिल्यास पंप फारसे चालू होत नाहीत.
४. रोज घ्यावी. पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडू नये.
५. दिवसातून दोनदा सांगितली असेल तर दुसरी गोळी संध्याकाळच्या जेवणाआधी घ्यावी, झोपताना नव्हे.

रात्रपाळीच्या कामगाराने सूर्योदयाशी संबंध न ठेवता उठल्यानंतरच्या मुख्य जेवणाशी गोळी बांधावी. धार्मिक उपवासाच्या काळात गोळी बंद करण्याची गरज बहुधा नसते. उपवास सोडल्यानंतरच्या मुख्य जेवणाआधी अर्धा तास कसा साधायचा, हे डॉक्टरांशी आधीच ठरवावे. अशा दिवसांत एकदम पोटभर जेवून लगेच आडवे होणे हेच जळजळीचे मोठे कारण असते.

सावधान: क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या टाळणारे औषध) घेणाऱ्यांनी ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळावे. एचआयव्हीवरील रिल्पिव्हिरिनबरोबर या गटातले कोणतेही औषध चालत नाही. थायरॉइडची गोळी आणि लोह यांचे शोषण कमी होऊ शकते, म्हणून ती चालू असल्यास रक्ततपासणीचे वेळापत्रक विचारून घ्यावे.

औषध सर्वांना सारखे लागू पडत नाही, यामागे अनुवंशाचाही एक भाग आहे. यकृतातील सीवायपी२सी१९ हे एंझाइम ओमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल आणि पँटोप्राझोल यांचे विघटन करते. हे एंझाइम फारच मंद असणाऱ्यांचे प्रमाण पूर्व आशियाई वंशात सुमारे १५ टक्क्यांपर्यंत असते, तर युरोपीय वंशात २ ते ५ टक्के. मंद एंझाइम असलेल्यात औषध जास्त वेळ टिकते, आणि अतिजलद एंझाइम असलेल्यात ते लवकर संपून जाते. पण वंशावरून एखाद्या व्यक्तीचा डोस ठरवणे चुकीचे आहे, कारण प्रत्येक समूहात सर्व प्रकारचे लोक असतात. वेळ काटेकोर पाळूनही गुण आला नाही, तरच डोस बदलणे, या एंझाइमवर कमी अवलंबून असलेले रॅबेप्राझोल घेणे किंवा जनुकीय चाचणी करणे यांविषयी विचारावे.

५. गोळीबरोबर सवयींत बदल

येथे लांबलचक पथ्यांच्या याद्या हाती दिल्या जातात, आणि रुग्ण रोजच्या जेवणातले निम्मे पदार्थ सोडून देतो. त्याची गरज नाही. दोन आठवड्यांच्या नोंदीत ज्या पदार्थानंतर त्रास पुन्हा पुन्हा दिसतो, तेवढाच कमी करावा. शेवटचे खाणे आणि झोप यांत दोन ते तीन तासांचे अंतर, डाव्या कुशीवर झोपणे, आणि पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करणे यांचा फायदा अधिक होतो. उंची पायांखाली ठोकळे ठेवून किंवा पाचरीच्या आकाराची गादी घालून साधावी. उशांवर उशा रचल्या तर शरीर कमरेत वाकते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो.

वजनाच्या बाबतीत नेहमीचा तक्ता फसवू शकतो. आशियाई वंशाच्या लोकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ सालच्या सल्लागट शिफारशीत बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) २३ आणि २७.५ हे कृतीचे टप्पे मानले आहेत. २४ बीएमआय असलेल्या रुग्णाला ‘वजन ठीक आहे’ असे सांगितले गेले, पण पोटाचा घेर सुटलेला असेल, तर घेर कमी करणे हा उपचाराचाच भाग समजावा. तंबाखू कोणत्याही रूपात असो, ती बंद व्हायला हवी.

६. आठ आठवड्यांनी फेरतपासणी

धोक्याची खूण नसेल तर साधारण आठ आठवडे गोळी योग्य वेळी घेऊन मगच निष्कर्ष काढावा. त्रास थांबला असेल तर पुढचा टप्पा गोळी कमी करण्याचा आहे. थांबला नसेल तर नुसती दुसरी चिठ्ठी घेऊन परतू नये. एंडोस्कोपी करावी का, ते विचारावे.

सावधान: निदानासाठी एंडोस्कोपी करायची असेल तर गोळी दोन ते चार आठवडे आधी थांबवणे श्रेयस्कर असते, कारण गोळीने जखमा भरलेल्या असतात आणि आत काहीच दिसत नाही. मात्र हे डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच करावे. रक्तस्रावाचा धोका असलेल्याने स्वतःहून काही थांबवू नये.

अहवाल वाचताना एक गोष्ट ध्यानात असावी. ह्यूस्टनमध्ये झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला जळजळ होणाऱ्यांचे प्रमाण कृष्णवर्णीय, श्वेतवर्णीय आणि इतर गटांत जवळपास सारखे, म्हणजे साधारण चौघांत एक असे होते. पण अन्ननलिकेच्या जखमा श्वेतवर्णीयांत कितीतरी अधिक दिसल्या. याचा अर्थ अल्पसंख्याक रुग्णाची एंडोस्कोपी ‘स्वच्छ’ निघणे ही सामान्य गोष्ट आहे, आणि त्यावरून त्रास मनाचा आहे असे ठरत नाही. अशा वेळी गोळी बंद ठेवून अन्ननलिकेतील आम्लाचे २४ ते ९६ तास मापन करता येते. आम्लाचा संपर्क ६ टक्क्यांहून अधिक वेळ असेल तर रिफ्लक्स सिद्ध होतो, आणि ४ टक्क्यांहून कमी असेल तर कारण दुसरीकडे शोधायचे असते.

बॅरेट्स अन्ननलिका, म्हणजे अस्तरात होणारा कर्करोगपूर्व बदल, कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांत कमी आढळतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शनात जुनाट रिफ्लक्सबरोबर तीन किंवा अधिक धोके असल्यास तपासणी सुचवली आहे. ते धोके असे: पुरुष असणे, वय ५० पेक्षा जास्त, श्वेत वंश, धूम्रपान, लठ्ठपणा, आणि जवळच्या नातलगात हा विकार. वंशाचा एक निकष लागू नसला तरी उरलेले पाच मोजावेतच. ५५ वर्षांचा, धूम्रपान करणारा, लठ्ठ पुरुष कोणत्याही वंशाचा असला तरी तो या यादीत बसतो.

तपासून पाहा: एंडोस्कोपीत गुंगीचे औषध देणार असतील आणि त्वचा गडद असेल, तर बोटावरचा ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो. श्वसनाचा विकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असल्यास तो आधीच सांगावा.

७. गोळी कमी करणे

त्रास थांबल्यावर गोळी एका दिवसात सोडणारे बहुतेक जण आठवड्याभरात ‘रोग परत आला’ म्हणून पुन्हा सुरू करतात. अनेकदा तो रोग नसतो. दाबून ठेवलेले आम्ल काही काळ नेहमीपेक्षा जास्त स्रवते. डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मुळात कसलाही त्रास नसलेल्या १२० स्वयंसेवकांपैकी ज्यांना आठ आठवडे हे औषध दिले, त्यांच्यातील सुमारे ४४ टक्क्यांना औषध थांबल्यावर आम्लाच्या तक्रारी जाणवल्या. नुसती नकली गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते.

म्हणून दोनदा असेल तर एकदा, मग निम्मा डोस, मग एक दिवसाआड, असे दर दोन ते चार आठवड्यांनी उतरावे. मधल्या जळजळीसाठी जेवणानंतर आणि झोपताना अल्जिनेट (जठरातल्या अन्नावर तरंगता थर धरणारे औषध) घ्यावे. फॅमोटिडीन (आम्ल कमी करणारे वेगळ्या गटातले औषध) रात्री अधूनमधून चालते, पण रोज घेतल्यास दोनेक आठवड्यांत त्याचा जोर ओसरतो. त्याच गटातले, जुन्या साठ्यातले रॅनिटिडीन वापरू नये; अशुद्धीच्या कारणाने ते २०२० साली अमेरिकेच्या बाजारातून हटवले गेले.

सावधान: अन्ननलिकेला गंभीर जखमा झालेल्या, म्हणजे अहवालात सी किंवा डी श्रेणी असलेल्या रुग्णांनी, बॅरेट्सच्या रुग्णांनी, आणि वेदनाशामक गोळ्यांमुळे रक्तस्रावाचा धोका असलेल्यांनी गोळी स्वतःहून कमी करू नये. त्यांच्यासाठी ती दीर्घकाळ चालू ठेवणेच योग्य असते.

एंडोस्कोपीचा अहवाल, बायोप्सीचा निकाल आणि जिवाणूच्या चाचणीची तारीख यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात. गाव, देश किंवा दवाखाना बदलला की जुन्या नोंदी क्वचितच मागोमाग येतात, आणि नवा डॉक्टर सगळे पहिल्यापासून सुरू करतो. जिवाणूवर उपचार झाले असतील तर तो गेल्याची खात्री करणारी चाचणी अँटिबायोटिक संपल्यानंतर किमान चार आठवड्यांनी, आणि गोळी दोन आठवडे बंद ठेवून, करून घ्यावी. तिचा निकालही त्याच कागदांत लावावा.